थोड्या बजेटात घरचा कॉम्प्युटर: अभ्यासासाठी आणि थोड्या खेळासाठीही

शाळा उघडायची वेळ जवळ आली की मंडळातील सभासदांकडून एक प्रश्न हमखास येतो: मुलांना अभ्यासाला कॉम्प्युटर हवा, त्यावर थोडे गेमही चालायला हवेत, पण खर्च आवाक्यात राहायला हवा, तर काय घ्यावे? आम्ही कॉम्प्युटरचे इंजिनिअर नव्हे. आमची उमेदीची वर्षे बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात गेली. पण नातवंडांसाठी आणि काही परिचित कुटुंबांसाठी सुटे भाग घेऊन कॉम्प्युटर जोडले, तेव्हा लक्षात आले की इथेही तीच रीत लागू पडते. अर्जदाराच्या रुबाबाकडे न पाहता आतले कागद पाहायचे.

आधी गरज लिहून काढा

ऑनलाइन वर्ग, प्रकल्पाचे टायपिंग, लहान वर्गांत स्क्रॅच, सीबीएसईच्या अकरावी-बारावीला कॉम्प्युटर सायन्स घेतले तर पायथन. यातल्या कशालाच महागडे मशीन लागत नाही. प्रश्न येतो तो खेळांचा. माइनक्राफ्ट, व्हॅलोरंट, जीटीए ५ यांसारखे खेळ सेटिंग थोडी खाली ठेवून वेगळ्या ग्राफिक्स कार्डाशिवाय चालतात. नवे, भव्य चित्रांचे खेळ तसे चालत नाहीत.

म्हणून आमचा सल्ला एका वाक्यात असा: ग्राफिक्स आतच असलेला प्रोसेसर आज घ्या, कार्डासाठी जागा आणि वीज राखून ठेवा, आणि कार्ड पुढे खरोखर गरज पडली तरच घ्या.

'आय-सेव्हन' आणि '४ जीबी ग्राफिक्स'

बाजारात आणि ऑनलाइनही 'आय-सेव्हन गेमिंग पीसी' नावाचे तयार संच स्वस्तात दिसतात. रंगीत दिवे, काचेचा कॅबिनेट, वर '४ जीबी ग्राफिक्स' अशी चिठ्ठी. यातल्या अनेकांत आत तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर असतो, म्हणजे २०१२ च्या सुमाराचा, आणि एच६१ जातीचा तितकाच जुना मदरबोर्ड. इंटेलच्या बाबतीत विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढेच चालते, आणि विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. म्हणजे नवा म्हणून आणलेला संच पहिल्याच दिवशी मुदत संपलेला निघतो.

कार्डाचे '४ जीबी' म्हणजे मेमरी किती, एवढेच. त्यावरून वेग कळत नाही. अशा संचांत बहुधा जीटी ७३० सारखे २०१४ च्या काळातले कार्ड असते. आजच्या साध्या प्रोसेसरमधले अंगभूत ग्राफिक्स त्याहून सरस ठरते. म्हणून दुकानदाराला 'आय-सेव्हन का?' असे न विचारता 'कितवी पिढी, पूर्ण मॉडेल नंबर काय?' असे विचारा.

कोणते भाग घ्यावेत

*प्रोसेसर.* कमी बजेटात एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा भरवशाचा पर्याय आहे. सहा कोअर, आत ग्राफिक्स, आणि डब्यातच पंखा. नावाच्या शेवटचे 'जी' हे अक्षर नीट पाहा. नुसत्या ५६०० मध्ये ग्राफिक्स नसते, त्यामुळे कार्डाशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही. इंटेलमध्ये उलट आहे, नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर ग्राफिक्स नाही. इंटेलचा आय३-१२१०० अभ्यासाला उत्तम, पण त्यातले अंगभूत ग्राफिक्स खेळांसाठी ५६००जी पेक्षा कमी पडते.

*रॅम.* एकूण १६ जीबी, पण १६ ची एक पट्टी नको, ८ च्या दोन घ्या. अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधलाच वाटा वापरते. दोन पट्ट्या असल्या की माहितीची ये-जा दोन वाटांनी होते. बँकेत एका खिडकीऐवजी दोन उघडल्या की रांग जशी भराभर सरकते, तसेच. त्याच पैशात खेळांचा वेग स्पष्ट वाढतो. डीडीआर४-३२०० अशी मागा.

*मदरबोर्ड.* ए५२० किंवा बी५५० जातीचा, एम.२ एसएसडीची जागा असलेला. तुमचा मॉनिटर जुना, फक्त व्हीजीए वायरचा असेल तर बोर्डावर ते तोंड आहे का, हे आधी पाहा.

*एसएसडी.* ५०० जीबीची एनव्हीएमई पुरते. जुनी हार्ड डिस्क चांगली असेल तर लग्न-मुंजीच्या फोटोंसाठी तीही जोडता येते.

*पॉवर सप्लाय.* सगळ्यात जास्त काटकसर याच भागात होते, आणि ती करू नये. कॅबिनेटसोबत येणाऱ्या अनोळखी पॉवर सप्लायवर ४५० वॉट छापलेले असते, पण त्या छापण्याला जामीन कोणी नाही. तो बिघडला तर बाकीचे भागही सोबत घेऊन जातो. नामांकित कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झ प्रमाणपत्राचा ५५० वॉटचा घ्या. आजच्या संचाला एवढी वीज लागत नाही. ही तरतूद पुढच्या कार्डासाठी आहे. मॉनिटर सोडून एकूण खर्चाचा दहावा हिस्सा इथे गेला तरी तो योग्य समजा.

*कॅबिनेट आणि यूपीएस.* हैदराबादच्या मे महिन्यात समोरून बंद काच असलेला कॅबिनेट म्हणजे बंद खोली. पुढे जाळी असलेला साधा कॅबिनेट घ्या. ६०० व्हीएचा यूपीएस वीज गेल्यावर काही मिनिटे देतो, तेवढ्यात काम सेव्ह करून मशीन नीट बंद करता येते.

खरेदी करताना

आपल्याकडे सिकंदराबादच्या पार्क लेन भागातले चिनॉय ट्रेड सेंटर, म्हणजे सीटीसी, या कामासाठी सोयीचे. पूर्ण मॉडेल नंबरांची एकच यादी तीन दुकानांत द्या आणि एकाच दिवशी लेखी कोटेशन घ्या. रॅम आणि एसएसडीचे भाव सतत वर-खाली होतात, त्यामुळे मागच्या महिन्याच्या भावाशी तुलना करून उपयोग नाही. मदरबोर्डाचे बायोस घेतलेल्या प्रोसेसरला चालते का, हेही तिथेच विचारून घ्या.

पक्के जीएसटी बिल घ्या आणि त्यावर प्रत्येक भागाचा मॉडेल व सिरीयल नंबर लिहून घ्या. प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते. 'बिलाशिवाय कमी करून देतो' हे स्वस्त दिसते, पण दोन वर्षांनी भाग बिघडला की हातात कागदच नसतो.

विंडोजचा खर्च यादीत धरा. चोरीची प्रत घालून घेऊ नका, ज्या मशीनवर घरातले कोणी बँकेचे व्यवहार करणार आहे त्यावर तर मुळीच नको. खर्च टाळायचा असेल तर लिनक्स मिंट आणि लिबर ऑफिस मोफत आहेत, शाळेचे बरेचसे काम त्यांवर होते. मात्र व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही. मुलांना हे आधीच सांगितलेले बरे.

जोडणी

दुकानात जोडून मिळते, पण शक्य असेल तर एखाद्या रविवारी मुलांसोबत बसून घरीच जोडा. या प्रोसेसरच्या खाली बारीक पिना असतात. कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा आणि तो अलगद ठेवा, दाबू नका. मॉनिटरची वायर मदरबोर्डाच्या तोंडात लावा. चालू झाल्यावर बायोसमध्ये रॅमचा वेग ३२०० निवडा, नाहीतर ती कमी वेगाने चालते आणि घातलेले पैसे वाया जातात.

विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आधीच असतो, भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन तो चालू करा. म्हणजे दुपारी मुले शाळेत असताना आजी-आजोबांनाही मशीनचा उपयोग होईल. यादी तयार झाली की पैसे देण्यापूर्वी मंडळात घेऊन या. आम्ही एकदा नजर टाकून देऊ.