श्रेयांकांचा हिशेब

सिरोंच्याहून गडचिरोलीस शिकावयास येणारा विद्यार्थी सुमारें २०० किलोमीटर ओलांडून येतो. त्याच्या घरीं तीन वर्षांच्या खर्चाची तजवीज कशीबशी झालेली असते; चौथ्याची बहुधा नसते. पदवी वेळेवर हातीं पडणें ही या वनजिल्ह्यांत केवळ सोयीची बाब नव्हे.

चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांसाठीं २०११ सालीं नागपूर विद्यापीठापासून वेगळें असें गोंडवाना विद्यापीठ स्थापन झालें. २०२० चें राष्ट्रीय शैक्षणिक धोरण राज्यांतील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालें, आणि विषय मोजण्याऐवजीं श्रेयांक मोजण्याची रीत आली. पंधरा तासांच्या अध्यापनास एक श्रेयांक. प्रयोगशाळेंत त्यालाच तीस तास. सत्रास २२ धरले, तर सहा सत्रांचे १३२ होतात.

परंतु हे १३२ एका थैलींतले नव्हेत. मुख्य विषय, दुय्यम विषय, खुले ऐच्छिक विषय, भाषा, भारतीय ज्ञानप्रणाली, मूल्यशिक्षण, कौशल्य, प्रत्यक्ष कामाचें प्रशिक्षण, क्षेत्रप्रकल्प या प्रत्येकाचा कप्पा निराळा, आणि एकांतील शिल्लक दुसऱ्यांत चालत नाहीं. इतिहासांत उत्तम गुण मिळविणाऱ्याचे ज्ञानप्रणालीचे दोन श्रेयांक राहिले, तर १३० असूनहि पदवी अडते. विद्यार्थी मोठ्या विषयाची धास्ती घेतो आणि अडतो तो असल्या लहानशा विषयापाशीं. खुला विषय तर मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचाच हवा. लहान महाविद्यालयांत शिक्षक मोजके. तेव्हां कोणत्या सत्रांत काय शिकविलें जाणार, हें प्रवेशाच्या दिवशींच विचारून सहाहि सत्रांचा तक्ता वहींत मांडावा.

त्या तक्त्यांत ऋतूहि धरावे. पर्लकोटा नदीला पूर आला कीं भामरागडची वाट तुटते. तेंदूपानांच्या हंगामांत घरचीं माणसें रानांत असतात आणि उन्हाळी परीक्षा त्याच सुमारास येते. क्षेत्रप्रकल्प शक्य तर हिवाळ्यांत, गांवींच करावा. ग्रामसभेचा बांबूचा व्यवहार हा त्यास कांहीं कमी प्रतीचा विषय नव्हे.

मध्येंच शिक्षण सोडणें भाग पडलें, तर पहिल्या वर्षाअखेर प्रमाणपत्र व दुसऱ्याअखेर पदविका घेऊन बाहेर पडतां येतें. त्यासाठीं चार श्रेयांकांचें कौशल्याचें काम ज्यादा करावें लागतें. मिळविलेले श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक पेढींत विद्यार्थ्याच्या खात्यावर राहतात. तीन वर्षांच्या आंत परतावें, आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करावी, अशी मर्यादा आहे. मात्र खात्यावर प्रत्येक सत्राची नोंद खरोखर चढली कीं नाहीं, हें निकालानंतर लगेच विद्यार्थ्यानें स्वतः पाहून घ्यावें.