वाडीवरून माथेरान

माथेरानला तुम्ही किती वेळा गेला आहात? डोंबिवली-कल्याणच्या बाईला हा प्रश्न विचारला, तर उत्तर येतं, "अगं, मोजलंच नाही कधी!" शाळेची सहल, लग्नानंतरचं पहिलं फिरणं, मग मुलांना घेऊन, मग सासू-सासऱ्यांना घेऊन. नेरळला उतरायचं, टॅक्सीने दस्तुरी नाक्यावर जायचं, घोडेवाल्यांच्या गराड्यातून सुटत बाजारपेठ गाठायची. दोन-चार पॉइंट, चिक्की, चपला आणि परत. आता सांगा, यातल्या कितीजणी माथेरान पायी चढून गेल्या आहेत?

वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत मीही गेले नव्हते. आमच्या लेडीज डब्यातल्या ग्रुपमधल्या एकीच्या मुलीने ट्रेकिंगचं वेड घेतलं, तिच्या मागे आई गेली आणि आईच्या मागे आम्ही चौघी. घरी सांगितल्यावर पहिला प्रश्न आला तो "जेवायचं काय?" हाच. त्याचं उत्तर फ्रीजमध्ये ठेवून आम्ही सकाळची कर्जत लोकल पकडली.

बदलापूर सुटल्यावर उजव्या हाताच्या खिडकीत बसा. मलंगगडापासून सुरू झालेली डोंगररांग तुमच्याबरोबर धावायला लागते. त्यात नवरा-नवरीचे सुळके आहेत, चंदेरीचं उंच टोक आहे, पुढे पेबचा किल्ला म्हणजे विकटगड आणि मग माथेरानचा लांबलचक सपाट माथा. रोज नोकरीला उलट्या दिशेने जाणाऱ्या आपण हे बघतच नाही. नवरा-नवरीच्या डोंगराची ओळख करून दिल्यावर आमच्यातली एक म्हणाली, "इतकी वर्षं शेजारी उभे आहेत आणि एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत, म्हणजे लग्न जुनं दिसतंय!"

माथेरानला चढायच्या वाटा पुष्कळ आहेत. चौकच्या बाजूने वन ट्री हिलजवळ चढणारी वाट अवघड, ती माहीतगारांनीच करावी. पनवेलकडच्या धोदाणी गावातून सनसेट पॉइंटला येणारी वाट आहे. पेब किल्ल्यावरून पॅनोरमा पॉइंटच्या बाजूला निघता येतं. आम्ही निवडली ती भिवपुरी रोड स्टेशनवरून गार्बेट पॉइंटची. आपल्या गावांहून ही सगळ्यात सोयीची, कारण स्टेशनातून बाहेर पडलं की चालायलाच लागायचं. डिकसळ गाव, मग पाली-भुतिवलीचं धरण, पुढे सागाची वाडी. तिथपर्यंतची वाट दमवते, पण घाबरवत नाही. त्यानंतर जे पठार लागतं, त्यासाठी दहा वेळा यावं. सप्टेंबरचा शेवट होता. गुडघ्याएवढं गवत, त्यात सोनकीची पिवळी फुलं, खाली धरणाचं पाणी आणि समोर गार्बेटची धार. पाच मिनिटं कोणी काही बोललं नाही. आमच्या ग्रुपच्या इतिहासात हे प्रथमच घडलं असावं.

पठार संपून शेवटची चढण लागली, तेव्हा आम्ही दर वीस पावलांनी थांबत होतो. मागून एक बाई आली. पन्नाशीची असेल. काष्ट्याचं लुगडं, पायात साधी रबरी चप्पल, डोक्यावर काकड्या-दोडक्यांनी भरलेली पाटी. आमच्या पायांत दीड-दोन हजारांचे बूट! तिने आम्हांला सहज गाठलं आणि आमची दमछाक बघून तीही थांबली. पाटी मात्र उतरवली नाही.

"तुमी चालत कशाला येता? नेरळवरनं गाडी हाये ना."

"मजा म्हणून आलोय, मावशी."

"मजा?" ती इतकी मनापासून हसली की आम्हीही हसलो. "रस्ता झाला तं आमी कोन चढनार हितनं!"

तिची वाडी आतल्या अंगाला, गाडीरस्त्यापासून दूर. भाजीच्या दिवसांत ती भाजी घेऊन माथेरानच्या हॉटेलांत जाते, उन्हाळ्यात करवंदं-जांभळं नेते. विकायला काही नसेल, तेव्हा दस्तुरीला हमाली करते. चढायला दोन तास, उतरायला दीड. आपण आठ-चारची फास्ट पकडतो ना, तशी ही तिची वाट. फरक इतकाच, की आपल्या गाडीत निदान चौथी सीट मिळायची आशा असते.

चालता चालता तिने आणखी एक सांगितलं. सून बाळंतपणाला अडली ती पावसाळ्यातल्या रात्री. चौघांनी झोळी केली आणि बॅटरीच्या उजेडात तिला खाली आणली. खालून गाडी मिळाली, दवाखाना मिळाला, नात झाली. "मी मागनं चालत व्हते. पाय कुटं टाकते, दिसत नव्हतं," एवढंच ती म्हणाली आणि विषय बदलून माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राचा घाट विचारायला लागली.

हे ऐकल्यावर "किती सुंदर, किती अस्पर्श निसर्ग" हे वाक्य माझ्या तोंडून काही निघेना. अहो, अस्पर्श कसला? ही वाट मुळी स्पर्शानेच झालेली आहे. पावसाळ्यात या डोंगरावर गवत आणि झुडपं इतकी माजतात की दोन वर्षं कोणी गेलं नाही, तर वाट मिटून जाईल. आपण ज्याला ट्रेक म्हणतो ती ठाकर, कातकरी आणि धनगर वाड्यांतल्या माणसांची, त्यातही डोक्यावर ओझं घेतलेल्या बायकांची ये-जा आहे. पुस्तकात लिहिलेलं असतं की १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौकच्या बाजूने डोंगर चढले आणि त्यांनी माथेरान शोधलं. त्याआधीपासून या डोंगराच्या अंगाखांद्यावर राहणाऱ्यांना ते हरवलेलंच नव्हतं!

मॅलेटसाहेबांच्या मागोमाग बंगले आले. १९०७ साली पीरभॉय कुटुंबाने नेरळहून छोटी रेल्वे वर नेली. २००५ च्या २६ जुलैच्या पावसात तिचे रूळ वाहून गेले, ती पुन्हा धावायला २००७ उजाडलं. नंतरही पावसाने ती अनेकदा बंद पाडली. वाडीवरची वाट मात्र कधी 'दुरुस्तीसाठी बंद' झाल्याचं ऐकिवात नाही. ती बंद ठेवणं तिच्यावरून चालणारीला परवडणारच नाही.

माथेरानमध्ये मोटारींना दस्तुरीच्या पुढे मज्जाव आहे आणि २००३ साली हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. ते उत्तमच झालं. माणसाने माणसाला ओढायची रिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला, तेही बरंच झालं. २०२२ च्या डिसेंबरपासून ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर आल्या. आजी-आजोबांना आणि शाळेच्या मुलांना त्याचा मोठा आधार आहे. मात्र ओझी वाहणाऱ्या बाईच्या पोटाचं काय, हा प्रश्न त्या रिक्षात बसून सुटत नाही.

आमच्या सोसायटीतली एक जण युरोप टूर करून आली आणि स्वित्झर्लंडच्या झरमाटची तारीफ करत होती. तिथेही पेट्रोलच्या गाड्या गावात येत नाहीत, छोट्या विजेच्या गाड्या फिरतात आणि गावाभोवती पायवाटांचं जाळं. नाक्यानाक्यावर पिवळ्या पाट्या, पुढचं ठिकाण किती तासांवर आहे ते लिहिलेलं. ऐकून हेवा वाटला. आल्प्समधल्या कितीतरी वाटासुद्धा मूळच्या गुरं वरच्या कुरणांत नेणाऱ्यांच्या. पण तिथे पाटी लावण्याआधी खालच्या गावाला रस्ता आणि दवाखाना मिळालेला आहे.

आमच्या ग्रुपमध्ये परतीच्या लोकलमध्ये यावरून चांगलीच जुंपली. एक म्हणाली, "वाड्यांना रस्ते झाले की वेफर्सच्या पिशव्या आणि मोठ्याने गाणी लावणारी टोळकी वर आलीच समज." दुसरी म्हणाली, "मग तू राहा तिथे गरोदरपणी." मी दुसरीच्या बाजूने आहे. वाडीपर्यंत रस्ता हवा, दवाखान्याची गाडी दारात यायला हवी. माथ्यावर मोटार नको, हे त्याच्या आड येत नाही. आपल्याला महिन्यातून एकदा शांतता मिळावी म्हणून कुणी रोज झोळी वाहावी, हे मला पटत नाही.

आता जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. पहिल्यांदा जाताना वाट माहीत असलेलं कोणीतरी बरोबर असू द्या, वाडीतलाच वाटाड्या घेतलात आणि त्याला नीट पैसे दिलेत तर सगळ्यांत चांगलं. भर पावसात जाऊ नका, ओढे अचानक भरतात आणि कड्याजवळचं गवत निसरडं असतं. सप्टेंबरअखेर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. पाणी माणशी तीन लिटर तरी घ्या. बायका बाथरूमच्या काळजीने पाणी पीत नाहीत आणि मग डोकं धरून बसतात. आडोसा मिळतो, एक ओढणी जास्त ठेवा, लाजू नका, पाणी प्या. आम्हांला स्टेशनपासून गार्बेट पॉइंटपर्यंत पाच तास लागले. तिथून दस्तुरीपर्यंत लाल मातीचा सपाट रस्ता, पुढे टॅक्सीने नेरळ. वाटेत पाटीवाली भेटली, तर काकडी तिच्याकडूनच घ्या आणि घासाघीस करू नका. तेवढंच तिचं ओझं कमी होतं.

पुढचा बेत धोदाणीचा आहे. ठाण्याहून पनवेल लोकल, मग बस. चौघींपैकी तिघींचं नक्की झालंय, चौथीच्या घरी अजून "जेवायचं काय?" चाललं आहे.