कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरचं कोगनोळी ओलांडताना मोबाइलमध्ये काय घडतं?

● सेल : एका टॉवरचा परिसर. पुरेशा अंतरावरच्या सेलमध्ये तीच वारंवारिता पुन्हा वापरता येते; म्हणून मोजक्या लहरींवर लाखो लोक बोलू शकतात.

● हँडओव्हर : धावत्या एसटीत सिग्नल क्षीण होताच चालू कॉल पुढच्या टॉवरकडे सोपवला जातो.

● सर्कल : मोबाइल सेवेचा विभाग. निपाणी कर्नाटक सर्कलमध्ये, तर सीमेपलीकडचं कागल महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये.

● रोमिंग : आपल्या सर्कलबाहेरच्या टॉवरवरून सेवा घेणं. लहरी राज्याची हद्द जुमानत नाहीत. पलीकडचा टॉवर जोरकस असला, तर सीमेलगतच्या गावात पूर्वी घरबसल्या रोमिंगचा भुर्दंड पडे.

● पोर्टेबिलिटी : ३ जुलै २०१५ पासून सर्कल बदललं तरी नंबर तोच ठेवता येतो. नोकरी-लग्नानिमित्त सीमा ओलांडणाऱ्या बेळगाव-निपाणीकरांसाठी ही मोठीच सोय.