जुन्या ब्रॉडबँड मोडेमचे फर्मवेअर

भारत संचार निगमने 14 जानेवारी 2005 रोजी 'डेटावन' या नावाने ब्रॉडबँड सेवा सुरू केली आणि पुढे परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेडसारख्या गावांत इंटरनेट आले ते लँडलाइनच्या त्याच तांब्याच्या तारजोडीवरून आले. बोलण्याच्या आवाजाला सुमारे 4 किलोहर्ट्झपर्यंतच्या लहरी पुरतात. त्यापलीकडचा, जवळपास 2.2 मेगाहर्ट्झपर्यंतचा मोकळा पट्टा 'एडीएसएल-2 प्लस' हे तंत्र माहिती वाहून नेण्यासाठी वापरते आणि म्हणूनच एकाच तारेवर फोन आणि इंटरनेट दोन्ही चालतात. या सेवेसाठी देशभर वाटले गेलेले हुआवेई, यूटीस्टारकॉम, टेराकॉमचे आणि पुढे ग्राहकांनी बाजारातून घेतलेले डी-लिंक, टीपी-लिंकचे मोडेम-राउटर अनेक घरांत आजही कपाटात पडून असतात, आणि ते पुन्हा वापरायचे ठरले की पहिली अडचण फर्मवेअरची येते.

फर्मवेअर म्हणजे उपकरणाच्या फ्लॅश स्मृतीत कायम साठवलेली, ते उपकरण चालवणारी आज्ञावली. ती बदलण्याची गरज मुख्यतः सुरक्षेपोटी निर्माण होते. 'चेक पॉइंट' या कंपनीने डिसेंबर 2014 मध्ये 'मिसफॉर्च्यून कुकी' नावाची त्रुटी उघड केली, तेव्हा जगभरातील सुमारे 1 कोटी 20 लाख उपकरणे असुरक्षित असल्याचे तिने म्हटले होते. लक्षात घेण्याजोगे हे की ही त्रुटी असलेल्या आज्ञावलीच्या मूळ निर्मात्याने दुरुस्ती 2005 मध्येच केली होती, पण ती राउटर बनवणाऱ्या कंपन्यांच्या फर्मवेअरमध्ये, आणि म्हणून ग्राहकाच्या घरात, पोहोचलीच नव्हती. जुलै 2017 मध्ये भारत संचार निगमच्या ग्राहकांचे हजारो मोडेम घातक आज्ञावलीमुळे बंद पडले ते मात्र साध्या कारणाने: कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदललाच नव्हता.

जुळणारे फर्मवेअर शोधताना सर्वांत मोठी फसगत मॉडेलच्या नावाने होते. एकाच नावाखाली कंपन्या वर्षागणिक आतली रचना बदलत असतात. टीपी-लिंकच्या टीडी-डब्ल्यू 8968 चीच अनेक रूपे निघाली आणि एकाची फाइल दुसऱ्याला चालत नाही. म्हणून उपकरण उलटे करून चिकटपट्टीवरील 'हार्डवेअर व्हर्जन' आधी वाचावे लागते. त्यानंतर पाहायची ती चिप. येथे आणखी एक गुंता असा की चिप बनवणाऱ्या कंपन्याच हातोहात विकल्या गेल्या: ट्रेंडचिप 2010 मध्ये रालिंकमध्ये आणि रालिंक 2011 मध्ये मीडियाटेकमध्ये विलीन झाली, तर इन्फिनिऑनच्या अशा चिप बनवणाऱ्या विभागातून 2009 मध्ये लँटिक ही कंपनी झाली आणि ती 2015 मध्ये इंटेलने घेतली, त्यामुळे जुनी माहिती कोणत्या नावाखाली सापडेल याचा अंदाज येत नाही. शेवटची बाब 'ॲनेक्स'ची: साध्या फोनच्या तारेसाठी 'ए' आणि जर्मनीसारख्या देशांतील आयएसडीएन तारेसाठी 'बी' असे दोन प्रकार असून भारतात 'ए' लागतो, 'बी'ची फाइल टाकल्यास राउटर चालू झालेला दिसतो, पण डीएसएलचा दिवा स्थिर होत नाही.

'ओपनडब्ल्यूआरटी' या 2004 मध्ये सुरू झालेल्या मुक्त फर्मवेअरकडून अनेकांना मोठी आशा असते, पण डीएसएलच्या बाबतीत ती बहुधा फोल ठरते. ब्रॉडकॉमच्या चिपवरील डीएसएल भागाची आज्ञावली बंदिस्त असल्याने त्या राउटरवर मुक्त फर्मवेअर चढले तरी टेलिफोनची तार निरुपयोगी होते. लँटिकच्या चिपांवरील काही राउटर हाच काय तो ठळक अपवाद. शिवाय 4 मेगाबाइट फ्लॅश आणि 32 मेगाबाइट रॅम असलेल्या उपकरणांना ओपनडब्ल्यूआरटीच्या नव्या आवृत्त्या पेलत नाहीत. त्यामुळे मूळ निर्मात्याची, त्याच हार्डवेअर व्हर्जनची शेवटची फाइल मिळवणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

ती मिळाल्यावरही घाई नडते. जुन्या मांडणीची नोंद (व्हीपीआय 0, व्हीसीआय 35, पीपीपीओई आणि त्याचा पासवर्ड) आधी कागदावर करावी, वायफायऐवजी लॅनची तार जोडावी आणि भारनियमनाची वेळ टाळून इन्व्हर्टरवर काम करावे, कारण फाइल लिहिली जात असताना वीज गेली तर उपकरण निकामी होऊ शकते. ब्रॉडकॉमच्या अनेक राउटरमध्ये रीसेटचे बटण दाबून धरून वीज दिल्यास आतील प्रारंभिक आज्ञावली नवी फाइल स्वीकारते, मात्र तीच बिघडली असेल तर आतल्या पाटीवर तारा जोडण्यावाचून उपाय नाही, आणि ते काम जाणकारानेच करावे. दूरध्वनी केंद्रापासूनचे अंतर, पावसात ओले होणारे तारांचे जोड आणि गंजलेली पेटी यांवर कोणतेही फर्मवेअर औषध नव्हे.

ज्या घरी आता फायबर आले आहे तेथे हा खटाटोप करू नये. डीएचसीपी बंद करून लॅनच्या खोबणीत फायबरच्या मोडेमकडून येणारी लॅनची तार जोडली की जुना राउटर मागच्या खोलीत वायफाय देण्यापुरता वापरता येतो. योग्य फर्मवेअर मिळाले नाही, तर बाहेरून होणारे नियंत्रण बंद करून आणि मूळ पासवर्ड बदलूनच तो चालू ठेवावा. अनोळखी ठिकाणची, 'बहुतेक चालेल' अशी फाइल मात्र त्यात कधीही टाकू नये.