धुळीचे वावडे आणि हवा गाळणारे यंत्र

श्रोतेहो, धूळ आपल्याला नवी नाही. मराठवाड्यात होळीनंतर रान मोकळे झाले की काळ्या मातीची भुकटी वाऱ्यावर उठते. मळणीयंत्रापाशी घटकाभर उभे राहिले की भुसकट नाकातोंडात जाते. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, गेलात तर रस्त्यांची धूळ, बांधकामांची माती आणि वाहनांचा धूर यांची त्यात भर पडते. केंद्र सरकारने २०१९ साली राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला. हवा ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक मळलेली असणाऱ्या शहरांची जी यादी त्यासाठी केली, तीत हे शहर होते आणि शेजारचे जालनाही होते.

अशा वेळी दुकानात हवा गाळणारे विजेचे यंत्र दिसते. त्याला ‘एअर प्युरिफायर’ म्हणतात. घरात शिंकणारे, धाप लागणारे मूल असेल तर आईबापांच्या मनात येतेच, “कसंही करून हे घ्यावं का?” यंत्र खोटे नाही. पण ते कोणते काम करते आणि कोणते करीत नाही, हे समजून न घेता पैसे घातले तर पैसेही जातात आणि पोराची शिंकही राहते.

आधी हे वावडे म्हणजे काय ते पाहू. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारे राखणदार असतात. काहींच्या शरीरातले राखणदार फार तापट असतात. निरुपद्रवी कण आला तरी त्याला चोर समजून ते आरडाओरडा करतात. मग शिंका येतात, नाक वाहते, डोळे चुरचुरतात. आणि हीच गडबड श्वासनळीत झाली की छातीत शिट्टी वाजू लागते. यालाच डॉक्टर ॲलर्जी म्हणतात. ती एकाची दुसऱ्याला लागत नाही. म्हणून शिंकणाऱ्या मुलाला वर्गात वेगळे बसवण्याचे काही कारण नाही.

आता गंमत अशी, की पुष्कळदा वावडे नुसत्या मातीचे नसतेच; धुळीत मिसळलेल्या वस्तूंचे असते. बुरशीचे बीजकण, झुरळांची घाण, कुत्र्यामांजरांच्या अंगाचा कोंडा, गवताचे पराग यांत येतात. गाजरगवत तर तुम्हा सर्वांच्या ओळखीचे आहे. त्याचे पराग नाकाला झोंबतात आणि झाड हाताळले तर कातडीला खाज सुटते. शिवाय गादीत, उशीत आणि वाकळेत डोळ्यांना न दिसणारा एक जीव राहतो. त्याला ‘माइट’ म्हणतात. आपल्या अंगाच्या कातडीचा जो भुगा झडतो, त्यावर तो जगतो. त्याची विष्ठा धुळीत मिसळते आणि अनेकांना वावडे असते ते तिचेच.

हे सगळे कण सारख्या आकाराचे नसतात. कण मोजण्याचे माप म्हणजे मायक्रॉन. एका मिलिमीटरचे हजार भाग केले की त्यातला एक भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनचा कण स्थिर हवेत माणसाच्या उंचीवरून जमिनीवर यायला आठ-दहा मिनिटे घेतो. धुरातला अडीच मायक्रॉनचा कण मात्र दोन-अडीच तास तरंगत राहतो, आणि तोच फुप्फुसात खोल जातो. पराग आणि माइटची घाण मोठ्या कणांची असल्यामुळे ती लवकर खाली बसते, आणि गादी झटकली की पुन्हा उडते.

एवढे ध्यानात आले की यंत्राचे मर्म उलगडते. यंत्रात एक पंखा असतो. तो खोलीतली हवा ओढून दाट तंतूंच्या घड्या घातलेल्या गाळणीतून पुढे ढकलतो. चांगल्या गाळणीला ‘हेपा’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत अणुबाँबचे काम चालू असताना किरणोत्सर्गी धूळ अडवण्यासाठी अशी गाळणी तयार झाली. ०.३ मायक्रॉनच्या १०,००० कणांपैकी ९,९९७ कण ती अडवते.

तुम्ही म्हणाल, ही म्हणजे बारीक पिठाची चाळणीच झाली. तसे नाही. चाळणीतून बारीक ते निसटते. इथे अगदी बारीक कणही पकडले जातात. दाट बाभळीच्या रानाची कल्पना करा. भरधाव आलेल्या भरल्या गाडीला वळण घेता येत नाही, ती झाडावर आदळते. मोठ्या कणांचे असेच होते. उधळलेले वासरू इकडेतिकडे धावते आणि कुठेतरी अडकते. अतिबारीक कण असेच सैरावैरा हलत तंतूंना चिकटतात. मधल्या आकाराचाच कण त्यातल्या त्यात निसटतो. तो ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा, म्हणून परीक्षा त्याच्यावर घेतात.

मग यंत्राने काय साधते? हवेत तरंगणारी धूळ आणि धूर कमी होतो. ॲलर्जीच्या माणसाला काही अंशी आराम पडू शकतो. पण जे गादीत आहे, जमिनीवर बसले आहे, ते यंत्राकडे चालत येत नाही. विषारी वायूही ही गाळणी अडवीत नाही. म्हणून यंत्राच्या भरवशावर बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही पेटवू नका. तिचा वायू जीव घेतो.

आणखी एक अडचण आपल्याकडची. उन्हाळ्यात घरोघर कूलर चालतो. कूलरला उघडी खिडकी लागते आणि तो बाहेरची हवा सारखी आत ओढतो. यंत्राला दारे-खिडक्या बंद असलेली खोली लागते. दोघांचे जमायचे नाही. शिवाय कूलरमुळे खोलीत दमटपणा वाढतो, आणि माइटला व बुरशीला तोच हवा असतो. म्हणून आपल्या भागात यंत्राचा खरा उपयोग हिवाळ्यात, जेव्हा आपण रात्री खिडक्या लावूनच झोपतो आणि धूर जमिनीलगत साचून राहतो.

यंत्र घ्यायचेच ठरले तर हिशेब करून घ्या. खोली १० फूट रुंद, १२ फूट लांब आणि १० फूट उंच असेल तर तिच्यात सुमारे ३४ घनमीटर हवा असते. ती तासाला पाच वेळा गाळली जावी असे धरले, तर यंत्राने तासाला १७० घनमीटर स्वच्छ हवा दिली पाहिजे. हा आकडा यंत्राच्या खोक्यावर ‘सीएडीआर’ या नावाने दिलेला असतो. तो नसेल तर यंत्र घेऊ नका. ओझोन सोडणारे यंत्रही नको. ओझोन दमेकऱ्याच्या छातीला त्रासदायक असतो. ५० वॉटचे यंत्र १० तास चालले तर अर्धे युनिट वीज जाते. म्हणजे विजेचा भार फार नाही. खरा खर्च गाळणी बदलण्याचा. तेव्हा नवी गाळणी केवढ्याला मिळते आणि किती महिन्यांनी लागते, हे यंत्राच्या किमतीआधी विचारा. यंत्र एकच असेल तर ते आजारी माणूस झोपतो त्या खोलीत ठेवा, भिंतीला चिकटवून नको.

पण यंत्राच्या आधी बिनपैशाच्या गोष्टी आहेत. अंगणात झाडण्यापूर्वी सडा टाकण्याची आपली रीत किती शहाणपणाची! ओली धूळ उडत नाही. घरातही कोरड्या केरसुणीनंतर ओले फडके फिरवा, आणि झाडताना वावडे असलेल्या माणसाला बाहेर बसवा. उशांचे अभ्रे आणि चादरी आठवड्याला कडकडीत गरम पाण्यात धुवा. ६० अंशांच्या पाण्यात माइट मरतात. गाद्या-वाकळांना कडक ऊन दाखवा आणि त्या झटकायच्या त्या अंगणात, निरोग्या माणसाने. मच्छर-अगरबत्ती, धूप आणि चुलीचा धूर झोपायच्या खोलीपासून दूर ठेवा. एकीकडे धूर करायचा आणि दुसरीकडे यंत्राने तो गाळायचा, हा फुटक्या घागरीत पाणी भरण्याचा उद्योग आहे. मळणीच्या वेळी नुसते उपरणे पुरत नाही. बारीक कण त्यातून जातात. नीट बसणारा एन-९५ मास्क लावा.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या हाती पुष्कळ आहे. फळा ओल्या फडक्याने पुसा. वर्ग मुले येण्याआधी झाडून होऊ द्या. शाळेभोवतीचे गाजरगवत फुलण्याआधी उपटून घ्या, पण हातमोजे घालून, आणि मुलांना त्या कामाला लावू नका. खेळताना एखाद्या मुलाला धाप लागते का, रात्रभर खोकून ते सकाळी वर्गात पेंगते का, इकडे लक्ष ठेवा. पुष्कळदा अशा मुलाला आळशी म्हणतात; वास्तविक ते दमेकरी असते.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. घरात यंत्र आले म्हणून औषध बंद करू नका. “पंपाची सवय लागते,” अशी समजूत गावोगाव आहे. ती चुकीची आहे. पंपातले औषध थेट श्वासनळीत जाते, म्हणून ते थोडेसेच पुरते. पंप कसा ओढायचा हे डॉक्टरांकडून नीट शिकून घ्या. मुलाला एक वाक्य सलग बोलता येईना, बरगड्यांखालची जागा आत ओढली जाऊ लागली किंवा ओठ निळसर दिसले, तर यंत्रापुढे बसवून वाट पाहू नका. त्याच्या हाताशी असलेला पंप द्या, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि जवळचे रुग्णालय गाठा.

तेव्हा क्रम असा धरा. आधी औषध, मग धुळीधुराचे मूळ, मग ओले फडके आणि ऊन. आणि एवढे करून पैसे उरले तर यंत्र. ज्याच्या घरी यंत्र येणार नाही, त्यानेही वाईट वाटून घेऊ नये. पहिल्या तीन गोष्टी त्याच्या हातातल्याच आहेत.