रक्त येते, पण दुखत नाही!

दिवाळीच्या फराळाचे ताट म्हणजे घरातल्या माणसांच्या दातांचे प्रगतिपुस्तकच! मुले कडबोळी कडाकड फोडतात, तरुण मंडळी चकल्यांचा फडशा पाडतात आणि कोपऱ्यातले पन्नाशी उलटलेले गृहस्थ "मला आपला लाडूच दे" म्हणून बशी पुढे करतात. जळगावकडे अशा गृहस्थांची उपासमार होत नाही. केळी उदंड, आणि वांग्याच्या भरताला दातांची गरजच लागत नाही! पण कळण्याची भाकरी, भाजलेले दाणे, ज्वारीच्या बिबड्या यांवर ज्याचा पिंड पोसला, त्याला त्या समोर असून खाता येऊ नयेत, हे दुःख काही लहान नव्हे.

"वय झाले, आता दात जायचेच," असे आपण सहज म्हणून जातो. ही समजूत मात्र खोटी आहे. दात केवळ वयाने पडत नाहीत. पन्नाशीनंतर जे दात हलू लागतात, त्यांतले पुष्कळसे वरून अगदी शाबूत असतात, किडीचा ठिपकाही त्यांवर नसतो. खराब झालेली असते ती त्यांच्या पायाची जमीन. गिरणेच्या किंवा पांझरेच्या काठावरचे झाड पहा. पाणी हळूहळू बुंध्याची माती खाते, मुळे उघडी पडतात आणि एके दिवशी हिरवेगार झाड आडवे होते. दोष झाडाचा नसतो, काठाचा असतो.

काठ कसा खचतो?

जेवणानंतर दातांवर, विशेषतः दात आणि हिरडी यांच्या सांध्यात, एक चिकट, पांढरट थर बसतो. तो नुसत्या अन्नाचा नसतो, त्यात असंख्य जंतू वस्ती करून असतात. रोज नीट घासला तर तो निघतो. तसाच राहिला तर लाळेतले क्षार त्यात बसून त्याचे दगडासारखे किटण बनते आणि मग कितीही घासले तरी ते निघत नाही. या वस्तीशी झुंजताना हिरडी लाल होते, सुजते आणि जरा धक्का लागला की तिच्यातून रक्त येते. ही पहिली पायरी. येथवर आलेला मनुष्य पूर्ववत बरा होऊ शकतो.

दुसरी पायरी वाईट. सूज आत उतरते, हिरडी दातापासून सुटते आणि मध्ये खिसा तयार होतो. निरोगी हिरडीत ही फट तीन मिलिमीटरपर्यंत असते. ती त्याहून खोल गेली की ब्रश तिच्या तळाशी पोचत नाही. मग दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते, तोंडाला दुर्गंधी येते, पू येतो, दात लांब दिसू लागतात आणि शेवटी हलतात. लोक यालाच पायरिया म्हणतात. गेलेले हाड बहुधा परत येत नाही.

आणि या साऱ्या प्रवासात फारसे दुखत नाही! दाताची कीड माणसाला रात्री उठवून बसवते. हिरडीचा रोग चोरपावलांनी येतो. "डॉक्टर, दात हलतो, पण दुखत मुळीच नाही," असे रोगी मोठ्या समाधानाने सांगतो. "दुखला असता तर तुम्ही वेळेवर आला असता!" यापलीकडे डॉक्टरांनी तरी काय म्हणावे?

सुश्रुत ते ऑर्हुस

हा रोग काही आजचा नव्हे. सुश्रुतसंहितेत दंतमूलाचे पंधरा रोग मोजले आहेत. त्यांतल्या 'शीताद' नावाच्या रोगात हिरडीतून एकाएकी रक्त येते, 'दंतवेष्ट'मध्ये पू-रक्त वाहून दात हलू लागतात. लक्षणे आजही तीच आहेत. कारणाचा निर्णायक पुरावा मात्र 1965 साली मिळाला. डेन्मार्कमधील ऑर्हुस येथे हाराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणेच बंद करायला लावले. दहा ते एकवीस दिवसांत एकूण एक जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा दात घासू लागताच सुमारे आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. ना औषध, ना टोचणी, फक्त स्वच्छता!

आता आपण काय करतो ते पहा. घासताना रक्त दिसले की घाबरून ब्रशच बाजूला ठेवतो. म्हणजे चोर घरात शिरल्यावर कुत्रा भुंकतो म्हणून कुत्र्यालाच हाकलून देण्यापैकी हे झाले.

मिश्रीची माया

खानदेशात या रोगाला एक घरभेदी मदतनीस मिळाला आहे. तो म्हणजे मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांवर चोळायची. सकाळी एकदा लावून भागत नाही. दुपारी कामे आटोपल्यावर पुन्हा एकदा, रात्री निजताना आणखी एकदा. 'दात घट्ट राहतात' या नावाखाली कित्येक आयाबाया आयुष्यभर तंबाखूच्या बंदिवान होतात. तंबाखूतल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे रक्त कमी दिसते आणि हिरडी बरी वाटते. आत हाड झिजतच असते. याखेरीज तोंडाच्या कर्करोगाची टांगती तलवार ती वेगळीच. तंबाखू घातलेल्या दंतमंजनांवर केंद्र सरकारने 1992 साली बंदी घातली, पण घरच्या तव्यावर बंदी कोण घालणार? ते काम घरातल्या लेकीसुनांचे आणि नातवंडांचे आहे.

राखुंडी, विटेची पूड, जाडे मीठ यांनी खसाखसा घासणेही तितकेच वाईट. त्याने दात झिजतात, हिरडी सोलवटते. बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी वापरायची तर तिचा कुंचा चांगला मऊ चावून घ्यावा आणि हलक्या हाताने फिरवावा.

उपाय काय?

पहिला उपाय म्हणजे दंतवैद्याकडून किटण काढून घेणे. "साफ केले की दात ढिले होतात" ही भीती घराघरांत आहे. खरी गोष्ट अशी, की किटणाने दात एकमेकांना लिंपल्यासारखे झालेले असतात. ते निघाले की आधीच ढिले असलेले दात ढिले जाणवतात आणि सुजेने झाकलेल्या फटी उघड्या पडतात. थोडे दिवस थंडगार पाणी झोंबते, मग तेही थांबते. खिसे खोल असतील तर मुळे आतून स्वच्छ करावी लागतात, क्वचित हिरडी उघडून छोटी शस्त्रक्रिया करावी लागते. नुसत्या गोळ्या घेऊन हा रोग जात नाही.

पूर्वी यासाठी मुंबई गाठावी लागे. तेथील नायर दंत महाविद्यालय 1933 सालचे. आता खुद्द धुळ्यात दंत महाविद्यालय आहे, जळगावात जागोजागी दवाखाने आहेत.

मधुमेह्यांनी तर हयगय करूच नये. वाढलेल्या साखरेने हिरडी बिघडते आणि बिघडलेल्या हिरडीमुळे साखर आवरणे कठीण जाते. गरोदरपणातही हिरड्या लवकर सुजतात. तेव्हाही दात साफ करून घेता येतात, फक्त आपण गरोदर आहोत हे डॉक्टरांना आधी सांगावे.

घरी करायचे ते थोडकेच आहे. मऊ ब्रश घ्यावा, तो हिरडीकडे तिरपा धरावा आणि दोन मिनिटे हळुवार घासावे, सकाळी आणि रात्री निजण्यापूर्वी. दोन दातांमधली फट धाग्याने किंवा बारीक ब्रशने साफ करावी. तीन महिन्यांनी ब्रश बदलावा. कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळांनी बरे वाटते, पण त्या घासण्याची जागा घेऊ शकत नाहीत. इतके करूनही दोन आठवड्यांत रक्त थांबले नाही तर दंतवैद्य गाठावा. रक्त घासल्यावाचून आपोआप येत असेल, अंगावर काळेनिळे डाग उठत असतील, तर एक दिवसही न थांबता डॉक्टरांना दाखवावे.

वसुबारसेच्या आधी आपण घराचा कानाकोपरा झाडतो, माळ्यावरची जळमटे काढतो. बत्तीस खोल्यांचे हे छोटेसे घर तेवढे विसरतो. यंदा त्याचीही झाडलोट करून घ्या. थुंकीतला लाल धागा ही हिरडीने तुम्हाला धाडलेली तार आहे. ती न वाचता फाडून टाकू नका!