घर केलेला फिरस्ता

एक रुपयाची नोट उलटून पाहा. समुद्रात पाय रोवून उभं असलेलं एक अवाढव्य यंत्र दिसेल. हा ‘सागर सम्राट’. 1973 मध्ये जपानात मित्सुबिशीच्या हिरोशिमा इथल्या गोदीत हा रिग बांधला गेला आणि फेब्रुवारी 1974 मध्ये मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटर पश्चिमेला त्याला तेल लागलं. ती जागा म्हणजे बॉम्बे हाय, आताचं मुंबई हाय.

रिग जातीचा फिरस्ता. पाय वर ओढून तरंगत जायचं, नव्या जागी ते तळाला टेकवून स्वतःला लाटांच्या वर उचलून घ्यायचं, विहीर खोदायची आणि पुढच्या मुक्कामाला निघायचं. तेल मात्र वर्षानुवर्षं काढायचं असतं. त्यासाठी बिऱ्हाड करून राहणारा लागतो, तो प्लॅटफॉर्म. यार्डात जोडलेला पोलादी सांगाडा, म्हणजे ‘जॅकेट’, बार्जवरून नेतात, सुमारे 75 मीटर पाण्यात उभा करतात, पाइल ठोकून तळाशी जखडतात आणि वर डेक चढवतात.

21 मे 1976 रोजी उत्पादन सुरू झालं, तेव्हा तेल टँकरनं किनाऱ्याला येई. 1978 मध्ये उरणपर्यंत समुद्राखालून पाइपलाइन आली आणि वस्ती वाढत गेली. विहिरींचे छोटे, बहुधा निर्मनुष्य प्लॅटफॉर्म वाड्यांसारखे विखुरलेले. त्यांचं तेल मधल्या मोठ्या प्रोसेस प्लॅटफॉर्मवर येतं. तिथं तेल, वायू आणि पाणी वेगळं करतात. शेजारी राहण्याचा प्लॅटफॉर्म, मध्ये पूल. जुहूहून हेलिकॉप्टरनं आलेली माणसं इथं चौदा दिवस काम करतात, मग चौदा दिवस घरी.

या दाटीवाटीचा धोका 27 जुलै 2005 रोजी कळला. बोटं कापलेल्या आचाऱ्याला उतरवायला आलेलं ‘समुद्र सुरक्षा’ जहाज उत्तरेकडच्या प्लॅटफॉर्मवर आदळलं आणि तळातून वर येणारा वायूचा नळ, रायझर, फुटला. आग भडकली, दोन तासांत अख्खा प्लॅटफॉर्म समुद्रात कोसळला. 22 जणांचा बळी गेला, 362 जण वाचले.

नोटेवरचा तो फिरस्ता अजून कामावर आहे. खोदकाम सुटलं, नव्यानं बांधणी होऊन डिसेंबर 2022 पासून तो स्वतःच तेल काढतो. आयुष्यभर इतरांसाठी जागा हेरणाऱ्यानं उतारवयात अखेर घर केलं.